प्लेगची रेघ आणि परळचे उंदीर

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. पुढे कित्येक वर्षे हिवाळ्यात साथ चढू लागे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरे. यांपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबईतल्या मृत्यूंचे साप्ताहिक आकडे आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत भेटतात.

कारण १९२७ मध्ये एडिंबरोच्या केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीचे आपले सूत्र याच आकड्यांवर बसवून दाखवले. मॅकेंड्रिक पूर्वी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. सूत्रात तीनच आकडे: ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला म्हणजे ऐन भरातले आठवड्याचे मृत्यू. दुसरा चढउताराचा वेग. तिसऱ्याला दुसऱ्याने भागले की येतात १७; म्हणजे साथीचा कळस सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यास. या सूत्राची रेघ घंटेसारखी दिसते आणि मृत्यूंचे ठिपके तिला जवळजवळ चिकटून बसतात.

तेव्हा संगणक नव्हते. आज आकडे भरून सूत्राचा साचा सांगितला, की ठिपके आणि रेघ यांतल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे आकडे संगणक क्षणात शोधून देतो. पण ही रेघ अशीच का, हे तो सांगत नाही.

सूत्राचे म्हणणे असे, की लागण होण्याजोगी माणसे घटली म्हणून साथ ओसरली. मग दरवर्षी त्याच ऋतूत ती का ओसरावी? याचे उत्तर परळला, आज हाफकिन इन्स्टिट्यूट आहे त्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, १९०५ पासूनच शोधले जात होते. प्लेग संशोधन आयोगाने तिथे प्रयोगांनी दाखवले, की रोग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. उंदरांत आधी मर येते, मग माणसांत. आणि पिसवांची संख्या हवामानाप्रमाणे कमीजास्त होते.

आपले सूत्र फार ढोबळ आहे, असे त्या दोघांनीही नोंदवले होते. पुढे ते विसरले गेले. २०१२ मध्ये फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी उंदीर, पिसवा आणि ऋतू हिशेबात घेऊन ही त्रुटी उघड केली.

मंडळी, २०२० मध्ये करोनाच्या अशा रेघा आपण रोज पाहिल्या. रेघ ठिपक्यांवर बसली म्हणजे कारण सापडले असे नाही. चाळीतला मेलेला उंदीर तिच्यात दिसत नसतो.