निळ्या आकाशावरची ती पांढरी फुलं: व्हॅन गॉगने हे चित्र कुणासाठी काढलं होतं?

मोबाइलचं कव्हर, कापडी पिशवी, नाहीतर कुणाचा डीपी... हे चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल. निळं आकाश, वाकड्यातिकड्या फांद्या आणि त्यांवर पांढरी फुलं. हे व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं १८९० सालचं ‘आल्मंड ब्लॉसम’, म्हणजे बदामाचा बहर.

पुतण्यासाठी भेट

३१ जानेवारी १८९० रोजी व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ थिओ आणि भावजय जोहाना यांना मुलगा झाला. बाळाचं नाव काकावरून ‘व्हिन्सेंट’च ठेवलं. काका तेव्हा दक्षिण फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात उपचार घेत होता. बाळाच्या आईवडिलांच्या खोलीत लावायला म्हणून त्याने हे चित्र हाती घेतलं.

बदामच का?

आपल्या अंगणातला रुंद पानांचा देशी बदाम वेगळा. हा खरा बदाम थंडी सरता सरता, पानं फुटण्याआधीच फुलतो. म्हणून तो नव्या जीवनाची खूण. सातारा-सांगलीकडे काटेसावर, पांगारा आणि पळस हेच करतात: फांदीवर पान नाही, पण फूल आहे!

व्हॅन गॉगसारख्या पोस्ट-इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना फूल फक्त हुबेहूब काढायचं नव्हतं, त्यातून काही सांगायचं होतं. त्याची सूर्यफुलं त्याच्या लेखी कृतज्ञतेची होती.

यात जपान कुठून आलं?

१८५० च्या दशकात जपानने पाश्चात्त्य व्यापारासाठी दारं उघडली आणि लाकडी ठशांनी छापलेली ‘उकियो-ए’ चित्रं युरोपात पोहोचली. पॅरिसमध्ये असताना व्हॅन गॉगने अशी शेकडो चित्रं जमवली. १८८७ मध्ये तर हिरोशिगेच्या फुललेल्या प्लमच्या बागेची त्याने तैलरंगात नक्कल केली. जपानमध्येही प्लमचा बहर म्हणजे वसंताची चाहूल.

‘आल्मंड ब्लॉसम’मध्ये ही शिकवणी स्पष्ट दिसते:

- जमीन नाही, क्षितिज नाही; खाली उभं राहून वर पाहावं तशा फक्त फांद्या.
- फांद्या चित्राच्या कडेला मध्येच कापलेल्या.
- फांद्यांना गडद बाह्यरेषा.
- मागे सावल्या नसलेलं, जवळजवळ सपाट निळं आकाश.

पुढे काय झालं?

बदामाची फुलं रंगवत असतानाच व्हिन्सेंट पुन्हा आजारी पडला. बरा झाला तेव्हा बहर जवळजवळ संपला होता. २९ जुलै १८९० रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. सहा महिन्यांत थिओही गेला.

मागे राहिली जोहाना, तान्हं मूल आणि बहुतेक न विकली गेलेली शेकडो चित्रं. तिने ती जपली, प्रदर्शनं भरवली, भावांची पत्रं छापून आणली. ते मूल मोठं होऊन इंजिनिअर झालं. या कुटुंबाच्या संग्रहातूनच १९७३ मध्ये ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम उघडलं. बाळासाठी काढलेलं चित्र आज तिथेच आहे.

येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पांगाऱ्याखाली उभे राहा, मोबाइल वर धरा आणि जमीन फ्रेमबाहेर ठेवून फोटो काढा. व्हॅन गॉग जपानी चित्रांकडून काय शिकला, ते स्क्रीनवरच दिसेल.