स्ट्रिकलंडचा सुतार, मुत्तूचा माशीमार

श्रीलंकेच्या सिंहराजा अरण्यात किरमिजी पाठीचा एक मोठा सुतार पक्षी राहतो. श्रीलंकेबाहेर तो कुठेही सापडत नाही. त्या बेटावरच्या बागांमध्ये लाल पाठीचा दुसराही सुतार दिसतो, पण त्याची चोच काळपट; याची हस्तिदंती. सिंहली माणूस सुताराला ‘कॅरला’ म्हणतो. शास्त्राच्या दप्तरी मात्र या पक्ष्याची नोंद ‘क्रायसोकोलॅप्टेस स्ट्रिकलंडी’ अशी आहे. हा स्ट्रिकलंड कोण, एवढ्याच कुतूहलाने मी जुने कागद चाळायला घेतले आणि भलत्याच माणसापाशी येऊन थांबलो.

ह्यू एडविन स्ट्रिकलंड हा इंग्लंडमधला भूशास्त्रज्ञ आणि पक्ष्यांचा अभ्यासक. त्या काळी एकाच प्राण्याला लंडनमध्ये एक नाव मिळे, पॅरिसमध्ये दुसरे. हा गोंधळ मिटवण्यासाठी १८४२ साली ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने नामकरणाची नियमावली केली. समितीत चार्ल्स डार्विन होता, पण मसुद्यामागचा मुख्य हात स्ट्रिकलंडचा. नियमाचा गाभा असा, की जे नाव आधी छापले गेले तेच कायम. ते बेढब वाटले म्हणून मागाहून कोणी बदलायचे नाही. आजचे आंतरराष्ट्रीय नियमही याच पायावर उभे आहेत.

नियमांनंतर काही शिफारशी येतात. त्यांतली एक वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. प्राण्याला माणसाचे नाव द्यायचेच असेल तर ते नामवंत प्राणिशास्त्रज्ञाचे असावे, असे ती सांगते. कोणाची नावे नकोत याचे दाखलेही आहेत : नमुन्यांचे व्यापारी, पेरूमधल्या पुजारिणी आणि ‘हॉटेंटॉट’. यातला शेवटचा टोमणा क्लास नावाच्या माणसाला होता. लव्हायां या फ्रेंच प्रवाशाने दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या या खोईखोई नोकराचे नाव कोकिळेच्या कुळातल्या एका पक्ष्याला दिले होते. विद्वानांना ते खटकले.

सप्टेंबर १८५३मध्ये रेल्वेमार्गासाठी खोदलेल्या कापातले खडकांचे थर पाहत असताना स्ट्रिकलंडला आगगाडीची धडक बसली. समोरून येणाऱ्या मालगाडीला वाट देण्यासाठी तो बाजूला झाला, तो दुसऱ्या रुळावरच्या गाडीसमोर. पुढच्याच वर्षी एडगर लेयार्डने सिलोनच्या सुताराला त्याचे नाव दिले. एडगर हा निनेव्हे उत्खननाने गाजलेल्या ऑस्टिन लेयार्डचा धाकटा भाऊ. सिलोनमध्ये त्याने सरकारी नोकरी केली आणि पक्षी जमवले. तारखा पाहून या नावाला श्रद्धांजली म्हणायचा मोह होतो. पण नुसत्या तारखांवरून माणसाच्या मनातला हेतू ठरवू नये.

मला थांबवले ते लेयार्डच्या दुसऱ्या नावाने. त्याच १८५४ साली एका लहानशा तपकिरी माशीमाराला त्याने ‘मुत्तुई’ म्हटले. मुत्तू हा त्याचा जुना नोकर. त्याच्या चिकाटीमुळेच लेयार्डला कित्येक उत्तम नमुने मिळाले होते. म्हणजे स्ट्रिकलंडच्या समितीने जे अनुचित ठरवले, नेमके तेच लेयार्डने केले, आणि स्ट्रिकलंडच्याच नियमामुळे ते आता कोणाला पुसता येत नाही. क्लासचेही तसेच; ‘क्लास’ हे नाव त्या पक्ष्याला आजही आहे.

स्ट्रिकलंडच्या नावाला मात्र पुढे उतरती कळा लागली. भारतापासून फिलिपिन्सपर्यंतचे सोनपाठी सुतार एकाच प्रजातीत कोंबले गेले आणि विसाव्या शतकाचा बराच काळ ‘स्ट्रिकलंडी’ हे तिच्या एका उपप्रजातीचे, तिसऱ्या स्थानावरचे नाव होऊन राहिले. आपल्याजवळचा हा पक्षी जगात दुसरीकडे नाही, असे म्हणायची सोय श्रीलंकेला कागदावर तरी उरली नव्हती. २०११ साली नायजेल कॉलर यांनी या गटाची नव्याने छाननी केली. त्यानंतर जागतिक सूच्यांमध्ये हा सुतार पुन्हा स्वतंत्र प्रजाती झाला. नवे नाव शोधावे लागले नाही, १८५४चे होतेच. काही सूच्यांनी तर आपल्या सह्याद्रीतला सोनपाठी सुतारही वेगळा काढला आहे.

मुत्तूचा माशीमार श्रीलंकेपुरता नाही. तो हिवाळ्यात तिथे येतो तसा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही येतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला बहुधा तपकिरी छातीचा माशीमार म्हणतात. काहींनी ‘लेयार्डचा माशीमार’ही म्हटले आहे. मुत्तूचे नाव आहे ते फक्त शास्त्रीय नावात.