गणपतराव देशमुख : एकच पक्ष, एकच मतदारसंघ आणि ११ वेळा आमदार

'काय झाडी, काय डोंगार'मुळे शहाजीबापू पाटील राज्यभर गाजले आणि अनेकांना सांगोला माहीत झालं. पण राजकारणाची आवड असलेल्यांसाठी सांगोल्याची ओळख फार जुनी आहे. ती म्हणजे गणपतराव देशमुख, अर्थात आबासाहेब.

१९२६ साली जन्मलेले गणपतराव वकील होते. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या नेत्यांनी स्थापन केलेल्या शेतकरी कामगार पक्षाचं काम त्यांनी हाती घेतलं आणि १९६२ साली ते सांगोल्यातून पहिल्यांदा आमदार झाले. तेव्हा राज्यात काँग्रेसचा दबदबा होता.

त्यानंतर ते विधानसभेला फक्त दोनदा हरले. पहिल्यांदा १९७२ साली. पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. दुसरा पराभव १९९५ चा, शहाजीबापूंकडून आणि तोही अवघ्या १९२ मतांनी! १९९९ साली आबासाहेबांनी जागा परत मिळवली. २०१४ साली वयाच्या ८८ व्या वर्षी ते अकराव्यांदा आमदार झाले.

या काळात राज्यात शेकापची ताकद घटत गेली. मोठ्या पक्षात जाणं सोपं होतं, पण त्यांनी लाल झेंडा सोडला नाही. १९७८ आणि १९९९ साली ते मंत्री झाले, तेही शेकापमध्ये राहूनच. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख कायम राहिली.

सांगोला हा कायम दुष्काळाच्या छायेतला तालुका. त्यामुळे पाणी हाच त्यांच्या राजकारणाचा मुख्य मुद्दा होता. १९९३ साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत त्यांनी आटपाडीतून पाणी परिषदेची चळवळ उभी केली. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना समन्यायी पद्धतीने मिळावं, ही त्यांची मागणी होती. तालुक्यात रोजगार मिळावा म्हणून त्यांनी सहकारी सूतगिरणीही उभी केली.

२०१९ साली वयामुळे ते थांबले. नातू डॉ. अनिकेत देशमुख मैदानात उतरले, पण ७६८ मतांनी हरले. समोर पुन्हा शहाजीबापूच होते. ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेबांचं निधन झालं.

२०२४ साली त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवलं आणि सांगोल्याची जागा पुन्हा शेकापकडे आली.