घटका आणि घड्याळ

लग्नमंडपांत पाण्याच्या घंगाळांत बारीक छिद्राची तांब्याची वाटी तरंगत ठेवीत, व ती बुडाली म्हणजे एक घटका भरली असें मानीत, हें आमच्या वाचकांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेलच. घटका २४ मिनिटांची; अशा ६० घटकांचें अहोरात्र, आणि गणना सूर्योदयापासून. नागपुरास सूर्य डोक्यावर येतो तो रत्नागिरीच्या आधीं जवळजवळ एक घटका. परंतु या दोहोंचा मेळ घालण्याचें कोणास कारणच पडत नसे.

तें कारण आगगाडीनें उत्पन्न केलें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास गाडी निघाली आणि मिनिटास मोल आलें. पुढें १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली; ती मुंबईच्या स्वतःच्या वेळेहून ३९ मिनिटें पुढें. एवढ्यावरून शहरांत जो वाद माजला तो आज कोणास पोरकट वाटेल; आम्हांस वाटत नाहीं. भोंग्यावर गिरणी गांठणाऱ्याचें घड्याळ पुढें सारलें कीं त्याची झोप तितकी कमी होते, आणि ती कमी करणारें सरकार परकें होतें. निराळी ‘मुंबईची वेळ’ स्वराज्यानंतरही १९५५ पर्यंत टिकून राहिली, यांत नवल तें काय?

आमच्या पिढीस मनगटी घड्याळ मिळे तें बहुधा शालान्त परीक्षेचें बक्षीस म्हणून, आणि तें एच. एम. टी. चें. त्यास रोज चावी द्यावी लागे. मागें पडलें तर आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावावें लागे. रस्त्यांत अनोळखी मनुष्य निःसंकोचपणें ‘किती वाजले?’ म्हणून विचारी, व सांगणाराही जरा ऐटीनेंच बाही मागें सारी.

आतां सर्वांच्या खिशांतील मोबाईलवर एकच बिनचूक क्षण असतो. कोणी कोणास वेळ विचारीत नाहीं. तरी आमचे विद्यार्थी वर्गांत पूर्वींहून वेळेवर येतात असें मुळींच नाहीं! पूर्वीं भेट ठरली कीं ती मोडण्यास साधनच नसे. ठरल्या जागीं कोणी तिष्ठत असेल या धास्तीनें माणूस धांवत जाई. आतां ‘निघालों आहें’ एवढा संदेश धाडला कीं उशिराची भरपाई झाली असें समजतात. घड्याळ अचूक झालें आणि वेळेचा शब्द सैल झाला, हें आमचें मत तरुण वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों.

भाषेनें मात्र जुनें सोडलेलें नाहीं. दारीं आलेल्यास आम्ही अजून ‘घटकाभर बसा’ असेंच म्हणतों. ती घटका २४ मिनिटांची, हें सांगितल्यास पाहुणा बहुधा उठूनच जाईल.