धावपट्टीखालचा करार

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यांपैकी जेमतेम पाचशे ठिकाणी वेळापत्रकानुसार प्रवासी विमाने ये-जा करतात. मग उरलेल्या साडेचार हजार विमानतळांवर चालते तरी काय? तेथे नवशिके वैमानिक शिकतात, शेतावर औषध फवारणारी विमाने इंधन भरतात, अत्यवस्थ रुग्णांना दूरच्या रुग्णालयात हलवले जाते, वणवा विझवणारी विमाने उतरतात आणि धनिक मंडळी आपापल्या खासगी जेटमधून प्रवासाला निघतात. लष्करी उड्डाणे आणि विमान कंपन्यांची नियमित वाहतूक वगळून जे उरते, त्या साऱ्याला 'जनरल एव्हिएशन' म्हणतात.

यांतले बरेच विमानतळ शहराच्या किंवा काउंटीच्या मालकीचे आहेत. त्यांच्या बांधकामावरचा आणि मोठ्या दुरुस्त्यांवरचा पैसा मात्र बहुतांशी केंद्र सरकारचा असतो. या दोघांमधला करार हीच अशा विमानतळाची जीवनदोरी. ती कशी वळली गेली आणि कोठे तुटते, हे दोन विमानतळांच्या इतिहासावरून चांगले समजते.

पैसा आणि वचन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने देशभर लष्करी धावपट्ट्या बांधल्या होत्या. युद्ध संपल्यावर १९४४ च्या अतिरिक्त मालमत्ता कायद्याच्या आधारे त्यांतल्या शेकडो धावपट्ट्या स्थानिक संस्थांना देण्यात आल्या. अट एकच, ती म्हणजे जागेचा उपयोग विमानतळ म्हणूनच करायचा. १९४६ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी केंद्रीय विमानतळ कायद्यावर सही केली आणि सात वर्षांत ५० कोटी डॉलरची मदत मंजूर झाली. १९७० च्या कायद्याने विमानाच्या तिकिटांवरील आणि इंधनावरील करांतून एक स्वतंत्र निधी उभा राहिला. आजची अनुदान योजना १९८२ च्या कायद्यातून आली. लहान विमानतळाच्या मंजूर कामाचा साधारणतः ९० टक्के खर्च या योजनेतून मिळतो.

पण हा पैसा फुकट मिळत नाही. अनुदान घेणारे शहर वचन देते, की विमानतळ चालू ठेवू, कोणत्याही विमानधारकाशी अन्यायाने भेदभाव करणार नाही आणि विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्च करू. बांधकामासाठी घेतलेल्या अनुदानाचे वचन साधारणपणे २० वर्षे टिकते. जमीन खरेदीसाठी पैसे घेतले असतील, तर त्याला मुदतच नाही.

केंद्राला एवढी काळजी कशासाठी? विचार करा, साऱ्या देशात एकच टेलिफोन असता तर त्याचा उपयोग काय झाला असता? विमानतळाचेही तसेच आहे. त्याची किंमत तो किती ठिकाणांशी जोडला आहे यावर ठरते. एका शहराने आपला विमानतळ बंद केला की नुकसान इतर ठिकाणांचेही होते. उलट विमानांचा आवाज मात्र फक्त शेजाऱ्यांनाच ऐकावा लागतो. लाभ देशभर विखुरलेला आणि त्रास एका वस्तीत साठलेला, हेच या भांडणाचे मूळ आहे.

शिकागो : एका रात्रीचा निकाल

शिकागोच्या मिशिगन सरोवरात भराव घालून तयार केलेले एक बेट आहे. १९३३-३४ चे जागतिक प्रदर्शन याच परिसरात भरले होते. १९४८ मध्ये तेथे विमानतळ सुरू झाला, तोच पुढे 'मेग्ज फील्ड' म्हणून ओळखला गेला. शहराच्या मध्यभागापासून तो अगदी जवळ होता. मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर' या खेळाची सुरुवात अनेक वर्षे याच धावपट्टीवरून होत असे. त्यामुळे शिकागो न पाहिलेल्या जगभरच्या मुलांनाही ती परिचित होती.

महापौर रिचर्ड एम. डेली यांना तेथे उद्यान हवे होते. १९९६ साली जागेचा भाडेकरार संपताच त्यांनी विमानतळ बंद केला. राज्य सरकारच्या दबावामुळे १९९७ मध्ये तो पुन्हा उघडावा लागला. २००१ मध्ये आणखी २५ वर्षे तो चालू ठेवण्याचा समझोता झाला, पण त्याला लागणारी काँग्रेसची मंजुरी मिळाली नाही. अखेर ३० मार्च २००३ च्या रात्री महापालिकेची यंत्रे धावपट्टीवर आली आणि त्यांनी तिच्यावर फुलीच्या आकाराचे मोठे चर खणले. सकाळी १६ विमाने अडकून पडलेली आढळली. पुढे त्यांना टॅक्सी-वेवरून उड्डाण करून बाहेर पडावे लागले. महापौरांनी कारण दिले ते दहशतवादी हल्ल्याच्या भीतीचे.

कायद्याने ३० दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक होती. ती न दिल्याबद्दलचा दंड होता दिवसाला १,१०० डॉलर, म्हणजे सारे मिळून ३३,००० डॉलर! २००६ मध्ये शहराने हा दंड भरला आणि पाडकामासाठी वापरलेले १० लाख डॉलरही परत केले. विमानतळ मात्र परत आला नाही. काँग्रेसने २००३ च्या अखेरीस हा दंड दिवसाला १०,००० डॉलर केला, तो पुढच्या शहरांसाठी.

सांता मोनिका : तीस वर्षांचा वाद

कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तेथील 'क्लोव्हर फील्ड'वर डग्लस कंपनीचा कारखाना होता. १९२४ मध्ये विमानाने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा करणारी डग्लस विमाने याच मैदानावरून सिअ‍ॅटलकडे निघाली. १७ डिसेंबर १९३५ रोजी येथेच 'डीसी-३' प्रथम उडाले. या विमानाचा लष्करी अवतार आपण 'डकोटा' या नावाने ओळखतो. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारतीय सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेली विमाने हीच.

कारखान्यातल्या कामगारांसाठी भोवती घरे झाली, आणि पुढे हीच वस्ती विमानतळाला नकोशी झाली. 'डीसी-८' या जेटसाठी डग्लसला लांब धावपट्टी हवी होती. शहराने नकार दिला आणि ते विमान लाँग बीच येथे बनले. पुढे सांता मोनिकातला कारखानाही बंद झाला. १९८१ मध्ये नगरपरिषदेने विमानतळ बंद करण्याचा ठराव केला. त्यावर १९८४ मध्ये केंद्राशी तडजोड होऊन २०१५ पर्यंत तो चालवण्याचे ठरले.

मुदत संपत आली तेव्हा वाद उफाळला. शहर म्हणे, १९९४ च्या अनुदानाचे वचन २०१४ मध्येच संपले. एफएए हे केंद्रीय विमान प्रशासन म्हणे, २००३ मध्ये त्या अनुदानात आणखी २,४०,००० डॉलरची भर घेतली, म्हणून २० वर्षे तेव्हापासून मोजा. शिवाय युद्धानंतर १९४८ मध्ये जागा परत करतानाच्या दस्तातील अट कायमची आहे, असाही केंद्राचा दावा होता. दरम्यान सप्टेंबर २०१३ मध्ये येथे उतरताना एका जेटला अपघात होऊन चौघांचा मृत्यू झाला. शेजाऱ्यांची भीती काल्पनिक नव्हती.

जानेवारी २०१७ मध्ये समेट झाला. ३१ डिसेंबर २०२८ नंतर शहराला विमानतळ बंद करता येईल, आणि तोवर धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फूट करावी, असे ठरले. यामागचे गणित वर्गात सांगण्याजोगे आहे. त्वरण सारखेच राहिले तर लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धावपट्टी सुमारे ३० टक्क्यांनी आखूड झाली की तिच्यावर गाठता येणारा वेग सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. आयत्या वेळी उड्डाण रद्द झाले तर थांबायलाही जागा लागते. मोठ्या जेटना बंदी घालणारा नियम वचनभंग ठरला असता. लांबी कमी केल्यावर तेच काम भौतिकशास्त्राने केले.

शिशाचा प्रश्न

या वादात आता रसायनशास्त्रही आले आहे. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचे प्रचलित इंधन '१०० एलएल' यात अजून शिसे असते. अमेरिकेच्या हवेत मिसळणाऱ्या शिशाचा सर्वांत मोठा स्रोत हीच विमाने आहेत. २०२३ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने हे शिसे आरोग्याला घातक असल्याचा अधिकृत निष्कर्ष काढला. त्याआधीच, जानेवारी २०२२ पासून, कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीने आपल्या विमानतळांवर या इंधनाची विक्री थांबवली होती. २०२४ च्या केंद्रीय कायद्याने मात्र, योग्य शिसेविरहित पर्याय मिळेपर्यंत किंवा २०३० च्या अखेरीपर्यंत, ते विकणाऱ्या विमानतळांनी विक्री चालू ठेवावी असे बंधन घातले. लाभ कोणाचा आणि त्रास कोणाला, हा जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला.

या इतिहासातून दिसते ते असे, की वीस वर्षांच्या वचनाने विमानतळाला मुदत मिळते, उत्तर मिळत नाही. शिकागोत ती मुदत भांडणात गेली. सांता मोनिकात ती वकिलांनी मोजली. शाळा, उद्यान, घरे यांसाठी शहराला जमीन हवी असणे गैर नाही. पण शहरातली धावपट्टी एकदा उखडली की तेवढी मोकळी सपाट जागा पुन्हा सहसा मिळत नाही. म्हणून शिसेविरहित इंधन, कमी आवाजाची विमाने आणि जवळचा पर्यायी तळ यांचा विचार मुदत संपण्यापूर्वी व्हायला हवा. विद्यार्थ्यांना फळ्यावर दोन रकाने आखायला सांगा. एकात अशा विमानतळाचा लाभ घेणारे लिहा, दुसऱ्यात त्रास सोसणारे. दोन्ही रकान्यांत कोणाची नावे येतात आणि निर्णय घेताना त्यांतले किती जण उपस्थित असतात, ही चर्चा नागरिकशास्त्राच्या तासालाही उपयोगी पडेल.