लाखेची मोहोर

महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून खालीं उतरते, महाडजवळ गांधारीला पोटांत घेते आणि खाडीच्या वाटेनें समुद्राकडे जाते. उत्तरेस रायगड, पूर्वेस प्रतापगड, आणि मध्यें कोंकणांतून देशावर चढणारी घाटाची वाट, अशी या मुलखाची ठेवण आहे. राजधानी रायगडावर असतांना या वाटांनीं धान्य गेलें, मीठ गेलें, फौजा गेल्या. आणि कमरेला थैली बांधलेले जासूदहि गेले. त्या थैलींतील लखोट्यावर लाखेची मोहोर असे. ती अभंग राहणें म्हणजे लिहिणाराचा विश्वास अभंग राहणें होय. ही मोहोर कोणी, केव्हां आणि कोणत्या अधिकारानें फोडावी, हा प्रश्न तेव्हांपासून आजपर्यंत सुटलेला नाहीं. पूर्वीं तो लखोट्याचा होता, आज तो प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलचा आहे.

हेरांवांचून राज्य चालत नाहीं, हें शिवकालाइतकें दुसऱ्या कोणत्याहि काळानें शिकवलेलें नाहीं. 1659 सालीं अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशीं आला तेव्हां जावळीच्या रानाचें आणि शत्रूच्या हालचालींचें ज्ञान हेंच महाराजांचें अर्धें सैन्य होतें. बहिर्जी नाईकाचें नांव याच कामामुळें घरोघर पोचलें. 1674 सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हांच्या अष्टप्रधानांत वाकनीस म्हणजे मंत्री यांच्याकडे महाराजांच्या खाजगी व्यवहाराची आणि बातमीची नोंद सोंपवलेली होती. यांतील मर्म असें कीं, बातमी काढण्याचें काम राज्याच्या रचनेंत बसवलेलें होतें आणि त्याची जबाबदारी नांवानिशीं एका प्रधानावर होती. हेराची दृष्टि प्राधान्यानें शत्रूच्या गोटाकडे असे.

पुढें सव्वाशें वर्षांनीं याच महाडानें दुसरें चित्र पाहिलें. सवाई माधवराव 1795 च्या ऑक्टोबरांत वारले आणि पेशवाईच्या गादीचा घोळ सुरू झाला. ज्या नाना फडणविसांचे बातमीदार हिंदुस्थानांतील दरबारांत पसरले होते, त्याच नानांना 1796 सालीं स्वतःच्या बचावासाठीं पुणें सोडून वाईवरून घाट उतरून महाडास यावें लागलें. त्यांनीं रायगडाचा बंदोबस्त केला आणि लेखणी हातीं घेतली. होळकर, नागपूरकर भोसले, निजाम, इतकेंच नव्हे तर विरुद्ध पक्षांत असलेले दौलतराव शिंदेहि, अशा सर्वांशीं महाडाहून संधान बांधलें गेलें. त्यांतील एकादा लखोटा वाटेंत फुटला असता तर नानांची मान वांचती ना. विरुद्ध पक्षाला बाजीरावाच्या हालचालींचा सुगावा लागलाहि, आणि त्याला पहाऱ्यांत उत्तरेकडे रवाना करण्यांत आलें. तरी मुख्य डाव टिकला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत निजामाशीं झालेला करार महाडचा तह या नांवानेंच ओळखला जातो. डिसेंबरांत बाजीरावास पेशवाई मिळाली आणि नाना पुन्हां कारभारी झाले. दुसऱ्यांचीं गुपितें जाणणें हें ज्याचें आयुष्यभराचें सामर्थ्य होतें, त्यालाहि एक दिवस स्वतःचें गुपित राखण्यासाठीं निष्ठावंत जासुदाच्या पायांवर विसंबावें लागलें. सत्ता हातीं असतां खाजगीपणाची किंमत कळत नाहीं. ती गेली कीं कळते.

1818 च्या मे महिन्यांत रायगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. नव्या राज्याच्या पद्धतीचा एक मासला पोलादपुराच्या घाटापलीकडे साताऱ्यास दिसला. छत्रपति प्रतापसिंह यांच्यावर कंपनी सरकारविरुद्ध कट केल्याचा आरोप आला आणि 1839 च्या सप्टेंबरांत त्यांना गादीवरून दूर करून काशीस पाठवण्यांत आलें. आरोपाचा मोठा आधार होता तो कागदांचा व शिक्क्यांचा. आणि ते कागद व ते शिक्के खरे कीं बनावट, हाच वादाचा विषय होता. रंगो बापूजी यांनीं लंडनांत वर्षानुवर्षें राहून धन्याची बाजू मांडली, पण गादी परत आली नाहीं. कागद कोणाच्या हातून आला, तो वाटेंत बदलला गेला कीं नाहीं, याची निःपक्षपाती तपासणी झाली नाहीं तर पुरावा आणि कपट यांत भेद उरत नाहीं. हा धडा पुढें फार उपयोगी पडणारा आहे.

राज्य स्थिरावल्यावर इंग्रजांनीं मोहोर फोडण्याचें काम कायद्याच्या चौकटींत आणलें. 1885 च्या तारायंत्राच्या कायद्यानें तार अडवण्याचा आणि 1898 च्या टपालाच्या कायद्यानें पत्र अडवण्याचा अधिकार सरकारनें घेतला. कारण म्हणून ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ असे शब्द घातले गेले. शब्द भारदस्त खरे, पण त्यांचा अर्थ ठरवणारे सरकारच! 1908 सालीं लोकमान्यांच्या घराची झडती झाली तेव्हां स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांचीं नांवें लिहिलेलें एक कार्ड सांपडलें, आणि तेवढें कार्ड राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांच्याविरुद्ध पुढें करण्यांत आलें. वाचकाच्या टेबलावरील टिपण आरोपीचें हत्यार ठरतें तें असें.

महाडापुरतें बोलावयाचें तर 1927 सालाकडे वळलें पाहिजे. मार्चच्या 19 व 20 तारखांना येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी हातीं घेतलें. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली तेव्हां जिल्ह्याचे अधिकारी आणि पोलीस जागेवर हजर होते. चळवळींच्या सभा, भाषणें आणि माणसें यांच्या हालचालींचे गुप्त गोषवारे मुंबई सरकारचे पोलीस त्या काळीं नेमानें तयार करीत. अशा गोषवाऱ्यांतील कित्येक नोंदी पुढें महाराष्ट्र शासनानेंच इतिहासाचीं साधनें म्हणून प्रसिद्ध केल्या. पाळत ठेवणाराला ज्यांत उपद्रव दिसला, त्यांतच पुढच्या पिढीला धर्मकार्य दिसलें. आजचा ‘संशयित’ उद्यांचा वंदनीय ठरूं शकतो. म्हणून पाळतीचा अधिकार वापरणारानें आपल्या दृष्टीच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. 1942 सालीं उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईंत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्या लहरींचा माग काढीत पोलीस नोव्हेंबरांत त्यांच्यापर्यंत पोचले. एका बाजूनें बोलणें आणि दुसऱ्या बाजूनें कान लावणें, हा खेळ पत्रावरून तारेवर आणि तारेवरून लहरीवर आला.

स्वातंत्र्य आलें, पण हे दोन्हीं कायदे राहिले. 1986 सालीं पत्रें अडवण्याचा अधिकार वाढवणारें विधेयक संसदेनें संमत केलें, तेव्हां राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्यास संमति दिली नाहीं. 1996 सालीं सर्वोच्च न्यायालयानें दूरध्वनि ऐकण्याला मर्यादा घातल्या: हुकूम गृहसचिवाचा असावा, त्याची मुदत दोन महिन्यांची असावी, कोणत्याहि परिस्थितींत ती सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये, आणि समितीनें हुकूम तपासावा. 24 ऑगस्ट 2017 रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2019 च्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें दूरध्वनि ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणें नष्ट करण्यास सांगितलें. 2023 सालीं तार व टपाल यांसंबंधीं नवे कायदे झाले. त्यांतहि संदेश अडवण्याचा अधिकार राखलेला आहे. परवानगी देणारे सचिव आणि ती तपासणारेहि सचिवच. मध्यें न्यायाधीश कोठेंहि नाहीं.

आणि इतक्यांत वस्तूच बदलली! पत्र फोडलें तर एक पत्र वाचलें जाई. तार अडवली तर एक तार. मोबाईल हा लखोटा नव्हे. तो घरांतील कपाट, देव्हारा, वहीखातें आणि माजघरांतील बोलणें, असें सर्व एके ठिकाणीं केलेलें आहे. इस्रायलमधील एन.एस.ओ. या कंपनीनें तयार केलेली पेगासस नांवाची प्रणाली दूर बसून अशा मोबाईलमध्यें शिरते. मालकानें कांहीं दाबावें लागतेंच असें नाहीं. एकदां आंत गेल्यावर संदेश वाचतां येतात, चित्रें घेतां येतात, ध्वनिग्राहक सुरू करून खोलींतील संभाषणहि ऐकतां येतें. आपण ही वस्तु सरकारी संस्थांनाच विकतों, असें कंपनीचें म्हणणें. 2021 च्या जुलैंत जगांतील वृत्तपत्रांनीं हें प्रकरण उघडकीस आणलें. भारत सरकारनें होय वा नाहीं असें स्पष्ट उत्तर न्यायालयांतहि दिलें नाहीं. राष्ट्राच्या सुरक्षिततेचें नांव उच्चारलें म्हणजे सर्व प्रश्न संपत नाहींत, असें म्हणून सर्वोच्च न्यायालयानें त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत समिति नेमली. समितीनें तपासलेल्या 29 मोबाईलपैकीं पांचांत घातक प्रणाली आढळली. मात्र ती पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाहीं. सरकारनें सहकार्य केलें नाहीं, हेंहि न्यायालयांत सांगण्यांत आलें.

महाराष्ट्रांतील एक प्रकरण तर साताऱ्याच्या जुन्या कागदांची आठवण करून देतें. 1 जानेवारी 2018 रोजीं कोरेगांव भीमा येथें झालेल्या हिंसाचारानंतर पुण्यास गुन्हा नोंदला गेला, आणि आरोपींच्या संगणकांतील पत्रें हा खटल्याचा प्रमुख आधार झाला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून आर्सेनल नांवाच्या अमेरिकन संस्थेनें एका संगणकाच्या प्रतीची तपासणी केली. कोणीतरी बाहेरून 22 महिने त्या संगणकांत वावरत होतें आणि दोषारोपाचीं पत्रें त्यानेंच आंत ठेवलीं, असा तिचा 2021 मधील अहवाल आहे. तो ‘कोणी’ कोण, हें अहवाल सांगत नाहीं. तपास यंत्रणेला अहवाल मान्य नाहीं. निर्णय न्यायालयाचा आहे. परंतु प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. जुना हेर पत्र वाचून परत चिकटवीत असे. नवा हेर दुसऱ्याच्या पेटींत स्वतः लिहिलेलें पत्र ठेवूंहि शकतो, आणि पेटीच्या धन्याला त्याची गंधवार्ता नसते.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती याच जिल्ह्यानें पाहिलेली आहे. 1993 च्या फेब्रुवारींत श्रीवर्धन तालुक्यांतील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकें उतरलीं आणि 12 मार्चला मुंबई हादरली. 2008 च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला तेव्हां हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यामधील संभाषण पोलिसांनीं ऐकलें, आणि तें खटल्यांत महत्त्वाचा पुरावा ठरलें. राज्याचे कान बंद असावेत, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. पण शेखाडीचा बोध पुरता घेतला पाहिजे. तेथें माल उतरला तो कायद्यांत अधिकार कमी होते म्हणून नव्हे. ज्यांच्या हातीं अधिकार होते त्यांच्यापैकीं कांहीं जण लांच खाऊन बसले म्हणून. पुढें ते शिक्षेसहि पात्र ठरले. रखवालदारच फितला तर त्याला आणखी किल्ल्या देऊन घर सुरक्षित होत नाहीं.

महाडच्या तळ्याला आज कोणीहि हात लावूं शकतो, आणि रायगडावर कोणीहि चढूं शकतो. दोन्हीं ठिकाणीं एके काळीं पहारे होते. त्यांतला गडावरचा पहारा रयतेच्या रक्षणासाठीं होता, तळ्यावरचा माणसाला माणसापासून तोडण्यासाठीं. पहाऱ्याची योग्यता तो कोणासाठीं आहे आणि कोणाला उत्तर देतो यावरून ठरते. मोहोर फोडण्याची वेळ राज्यावर येईल. तेव्हां ती न्यायाधीशाच्या लेखी हुकमानें, ठराविक मुदतीपुरती, आणि मागाहून जाब देण्याच्या तयारीनें फोडावी. नानांचा जासूद घाटांतून जातांना थैलीवर हात ठेवून चाले. आतां थैली प्रत्येकाजवळ आहे, पण तिच्यावर ठेवावयाचा हात मात्र कायद्याचाच असला पाहिजे.