दहा पारमिता : रोजच्या आचरणातला धम्म

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी बारावी दहा पारमिता पाळण्याची आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथानुसार त्या अशा : शील, दान, उपेक्षा, नैष्क्रम्य, वीर्य, क्षांती, सत्य, अधिष्ठान, करुणा आणि मैत्री.

पारमिता म्हणजे गुणाची परिपूर्णता. ती सरावानेच येते. वस्तीतल्या बैठकीत विरोधकाचे शेवटपर्यंत ऐकून घेणे ही क्षांती. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कोणी न मागता खरा मांडणे हे सत्य. सुरू केलेली अभ्यासिका परीक्षांनंतरही चालू ठेवणे हे अधिष्ठान. या सगळ्यांना प्रज्ञेची जोड हवी. प्रज्ञेशिवाय दिलेले दान घेणाऱ्याला लाचार करू शकते.

आठवड्याला एकच पारमिता निवडावी. रात्री स्वतःला विचारावे : आज ती कुठे पाळली, कुठे सुटली?